उशिरा येणारा फुगा

मित्रांनो, पहिलीच्या वर्गात खिडकीखाली एक लोखंडी कपाट आहे. त्याच्या सर्वांत खालच्या खणात, गुंडाळलेले नकाशे आणि खडूंची रिकामी खोकी यांच्यामध्ये एक काळा टॅब पडलेला आहे. त्याच्या काचेला उजव्या कोपऱ्यात तडा गेलेला आहे आणि पाठीवर पिवळ्या चिठ्ठीवर ‘३’ असा आकडा लिहिलेला आहे. तो टॅब म्हणजे मी. माझे वय नऊ वर्षे. तिसरी-चौथीतल्या मुलांना हे वय म्हणजे खेळायचे वय वाटेल, पण आमच्यात नऊ वर्षांचा टॅब म्हणजे अगदी पिकले पान.

जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगतात तेव्हा बहुधा आपण किती कामाला आलो हे सांगतात. मी तसे करू शकत नाही. माझी गोष्ट मान खाली घालून सांगण्यासारखी आहे. मला मान नाही, म्हणून मी पालथा पडूनच सांगतो.

माझा जन्म एका मोठ्या, लखलखीत दिव्यांच्या कारखान्यात झाला. तिथे माणसे डोक्यावर पांढऱ्या टोप्या आणि हातांत पातळ मोजे घालून काम करत. ज्या बाईने माझी काच बसवली तिने त्याआधी श्वास रोखून धरला होता. श्वासाबरोबर धुळीचा एखादा कण काचेखाली गेला असता तर तो जन्मभर तिथेच राहिला असता. मला सर्वांत आधी आठवते ते हेच, की माझ्यासाठी कोणीतरी श्वास रोखला होता.

पहिली चार वर्षे मी एका गोदामात काम केले. खोक्यांवरच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या वाचायच्या आणि कुठल्या फळीवर किती खोकी आहेत ते दाखवायचे, एवढेच माझे काम. तिथला गोदामवाला जाडजूड होता आणि त्याचा आवाज घोगरा होता. तो दर शनिवारी मला हातात घेऊन फळ्यांपुढून फिरे. माझ्यावर अठ्ठेचाळीस असा आकडा दिसत असला तरी तो बोट लावून खोकी मोजत जाई. एकदा त्याच्या बायकोने डबा घेऊन आल्यावर विचारले, “अहो, त्यात लिहिलंय ना अठ्ठेचाळीस, मग परत काय मोजताय?”

तो म्हणाला, “त्यात लिहिलंय म्हणूनच मोजतोय. आकडा इथे आणि खोकी तिथे. दोघांची गाठ घालून द्यायला नको?”

तेव्हा मला त्याचा राग आला होता. माझ्यावर विश्वास नाही म्हणजे काय? त्याचे ते बोलणे मला फार उशिरा समजले.

एके दिवशी मी फळीवरून पडलो आणि माझा कोपरा फुटला. त्याच सुमाराला गोदामात नवी यंत्रे आली. आम्हा पाच जुन्या टॅबना एका खोक्यात घालून या शाळेला देण्यात आले. बाईंनी आम्हाला पुसले, पाठीवर आकडे चिकटवले आणि खिडकीजवळच्या बाकावर ओळीने मांडले. बाई म्हणजे पहिलीच्या वर्गशिक्षिका. त्यांचा चष्मा नेहमी दोरीने गळ्यात लटकत असे आणि गरज पडली की तो सोडून बाकी सगळीकडे त्या हात लावून शोधत.

आमच्या नशिबात आला तो फुग्यांचा खेळ. तो इंटरनेटवर होता. वर एका पट्टीवर बेरीज येई, समजा चार अधिक तीन. खाली चार फुगे येत आणि प्रत्येकावर एकेक आकडा असे. पहिल्याच फटक्यात बरोबर फुगा फोडला की टाळ्या वाजत, एक तारा मिळे आणि माझ्या तोंडून आवाज येई, “शाब्बास.” चुकीच्या फुग्याला बोट लावले तर काहीच होत नसे. तो फुगा हळूच वर निघून जाई.

वर्गात एकतीस मुले होती आणि बाई एकट्या. त्यांनी एक पद्धत ठरवली. दर शुक्रवारी त्या प्रत्येकाचे तारे पाहत. ज्यांचे तारे कमी, ती मुले पुढच्या आठवड्यात बटणांच्या टेबलावर बसत. त्या टेबलावर डबाभर रंगीत बटणे होती आणि शेजारी स्वतः बाई असत. बटणे मांडायची, सरकवायची, मोजायची, आणि बाई विचारणार, “हे कसं आलं?” ज्यांचे तारे भरपूर, त्यांना बटणांची गरज नाही असे मानले जाई. ती मुले आमच्याबरोबर खिडकीपाशी बसत. भिंतीवर तारे दाखवणारा तक्ताही होता. पद्धत वाईट नव्हती. फक्त सगळी भिस्त आमच्या ताऱ्यांवर होती.

या वर्गात टिटवी होती. हे तिचे खरे नाव नव्हे. ती दिवसभर टिवटिवत असे म्हणून वर्गाने तिचे नाव टिटवी ठेवले होते, आणि तिलाही ते आवडले होते. टिटवीची आई दूरच्या इस्पितळात काम करत होती आणि महिन्यातून दोनदा घरी येई. घरी ती आणि बाबा. बाबा बस चालवत. निळा गणवेश, खिशाला शिट्टी, आणि बोलणे असे की रडणारे मूलही हसावे.

सहामाही परीक्षेनंतर, खेळ सुरू करण्याआधी, बाईंनी त्यांना बोलावून घेतले होते. मी तेव्हा बाकावरच होतो, म्हणून मला सगळे ऐकू आले.

“हुशार आहे पोरगी,” बाई म्हणाल्या, “पण दहाच्या पुढे गेली की हिची गाडी घसरते. दहा, बारा, अकरा, पंधरा, काहीही म्हणते. दुसरीत जाईपर्यंत विसापर्यंतची बेरीज हिला यायलाच हवी. नाही आली तर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल.”

बाबा टोपी हातात फिरवत म्हणाले, “बाई, माझं स्वतःचं गणित कच्चं. शाळेत गणिताच्या तासाला माझं पोट दुखायचं. हिचं तेवढं पक्कं करा.”

“करू ना. हिला मी बटणांच्या टेबलावरच ठेवते.”

आणि खरोखर, पहिले तीन आठवडे टिटवी बाईंशेजारी बसली. ती बटणे मांडे, चुके, पुन्हा मांडे. खेळाच्या वेळी ती माझ्याकडे येई. बाकीचे चार टॅब मोकळे असले तरी तिला मीच हवा असे, कारण माझ्या काचेवरचा तडा तिला पक्ष्याच्या पायासारखा दिसे. तिला तारे फार कमी मिळत. वीस प्रश्नांना चार, कधी पाच.

आता मित्रांनो, माझ्या अपराधाची गोष्ट येते. ती नीट समजावी म्हणून मला थोडे माझ्या पोटातले सांगावे लागेल.

तो खेळ माझ्याजवळ नव्हता. प्रत्येक प्रश्न मला इंटरनेटवरून नव्याने मागवावा लागे. तीन फुगे हलके होते. चौथ्या, म्हणजे बरोबर फुग्याला टाळ्यांचा आवाज आणि तारा बांधलेला असे, त्यामुळे तो जड. नव्या टॅबमध्ये चारही फुगे एकदम दिसत. पण पाचांत मी सर्वांत म्हातारा होतो. माझ्याकडे तीन फुगे आधी येत, आणि बरोबर फुगा एका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका मागे राहून येई. एकदा पापणी लवायला लागतो साधारण तेवढा वेळ. मोठ्यांना तो दिसला नसता. टिटवीला दिसला.

चौथ्या आठवड्यातल्या सोमवारची गोष्ट. ती माझ्यावर हनुवटी टेकून नुसती पाहत बसली होती. फुगे आले, तिने फोडले नाहीत. पुन्हा आले, पुन्हा नुसते पाहिले. मग तिने हळूच एक फुगा फोडला. तारा मिळाला. पुढच्या प्रश्नाला तारा, त्याच्या पुढच्याला तारा. शेजारच्या टॅबवर वर्गातली एक गोबऱ्या गालांची मुलगी बसली होती, तिला सगळे लाडू म्हणत. टिटवी तिच्या कानाशी लागून म्हणाली, “एक फुगा दमून येतो बघ. बिचारा मागे राहतो. त्यालाच आधी घ्यायचं.”

लाडू आपल्या टॅबकडे डोळे फाडून पाहत राहिली. “माझ्याकडे कोणी नाही दमत,” ती म्हणाली.

“मग तुझे फुगे धडधाकट आहेत,” टिटवी म्हणाली आणि कामाला लागली.

यात तिची लबाडी कणभरही नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. तिला वाटले, हाच तो खेळ. मागे राहिलेल्याला ओळखायचे, त्याला हात द्यायचा, म्हणजे शाब्बास मिळते. मोठी माणसे याला गणित म्हणत असतील तर म्हणोत. वरच्या पट्टीकडे पाहायची तिला गरजच उरली नाही.

त्या शुक्रवारी तिचे शंभरपैकी अठ्ठ्याण्णव तारे भरले. बाईंचा चेहरा उजळला. त्यांनी तिला उभे करून सगळ्या वर्गाकडून टाळ्या वाजवून घेतल्या. भिंतीवरच्या तक्त्यात तिची पट्टी एकदम वर गेली, आणि सोमवारपासून बटणांच्या टेबलावरची तिची जागा दुसऱ्या मुलीला मिळाली.

मित्रांनो, त्यानंतर चार महिने तिला कोणी “हे कसं आलं?” असे विचारले नाही. ती रोज माझ्यापाशी येई, वीस फुगे फोडी, वीसदा शाब्बास घेई आणि उड्या मारत जाई. मी मोजले आहे. त्या चार महिन्यांत मी तिला तेराशे बारा वेळा शाब्बास म्हटले. त्यातल्या एकाही वेळी तिने बेरीज केली नव्हती.

मला हे कळत नव्हते का? अर्धे कळत होते. मी प्रत्येक उत्तराला लागलेला वेळ लिहून ठेवत असे. दोन अधिक एक, वेळ सव्वा सेकंद. आठ अधिक सात, वेळ सव्वा सेकंद. जो खरेच मोजतो त्याला आठ अधिक सातला जास्त वेळ लागणार, हे कोणीही सांगेल. टिटवीचा वेळ सपाट होता. तो आकडा माझ्या दुसऱ्या पानावर पडून होता. पहिल्या पानावर मोठे सोनेरी तारे होते, आणि खाली कोपऱ्यात दुसऱ्या पानाचे मुंगीएवढे बटण. तारे पाहिल्यावर ते बटण कोण दाबणार? मी काही लपवले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. पण जे दाखवायला हवे ते मागे आणि जे चमकते ते पुढे ठेवणे, हे लपवण्यापेक्षा कितीसे वेगळे आहे?

मग पालकसभा आली. सभागृहात भिंतीवर मोठा पडदा लावला होता. आम्हा पाच जणांना बाजूच्या टेबलावर प्रदर्शनासारखे मांडले होते. पालकांना खेळ नीट दिसावा म्हणून मुख्याध्यापिकांनी आपला नवा लॅपटॉप पडद्याला जोडला होता. प्रश्न सोडवून दाखवायला वर्गातून एकच नाव निघाले. तक्त्यात जिची पट्टी सर्वांत उंच होती तिचे.

बाबा रजा टाकून आले होते. रजेवर असूनही गणवेश घालून आले होते, कारण बरा शर्ट तोच. ते शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून उभे होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, “ती, दोन वेण्यांची. हो, आमचीच.”

टिटवी पडद्यापुढे उभी राहिली. पडद्यावर आले, सात अधिक पाच. खाली चार फुगे आले. चारही एकदम.

ती थांबली. लोकांना वाटले ती मोजते आहे. मला माहीत होते ती वाट पाहते आहे. पाच सेकंद गेले. दहा गेले. तिने बाईंकडे वळून हळूच म्हटले, “अजून एक यायचाय.”

“कोण यायचंय?” बाईंनी विचारले.

“दमलेला.”

कोणीतरी हसले. टिटवीने पुन्हा पडद्याकडे पाहिले. मग तिने माऊस हातात घेऊन एक फुगा निवडला. तो नऊ होता आणि तो वर निघून गेला. दुसरा निवडला, पंधरा. तोही गेला. राहिलेल्या दोघांपैकी तिने चौदाला हात घातला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “बाळ, घाई करू नकोस, वरचा प्रश्न वाच.” टिटवीने मान वर करून प्रश्नाकडे पाहिले. एवढ्या महिन्यांनी ती पट्टी ती पहिल्यांदाच वाचत असावी. तिने बोटे उघडली, सातापर्यंत आली, दहापर्यंत आली, आणि मग बोटे संपली.

 टिटवीने माऊस सोडून दिला. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून बाबांचा आवाज आला, सावकाश, स्टॉपवर हाक द्यावी तसा. “होतं असं, टिटवे. स्टॉपवर सगळ्या गाड्या एकदम लागल्या की भलीभली माणसं गोंधळतात. ये इकडे.”

लोक हसले, पण या वेळी हसण्यात टोचणी नव्हती. ती धावत जाऊन त्यांच्या निळ्या शर्टात तोंड खुपसून उभी राहिली. मी टेबलावर पडून होतो. माझी काच काळी होती आणि तिच्यात ते दोघे दिसत होते. कारखान्यातल्या त्या बाईने माझ्यासाठी श्वास रोखला होता. तो ह्यासाठी का?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी टिटवीला माझ्यापाशी बसवले. स्वतः शेजारी बसल्या. चष्मा शोधला, तो गळ्यातच मिळाला.

“मला एक सांग,” त्या म्हणाल्या. “एरवी तू कसं ओळखायचीस?”

टिटवीने खाली पाहत सगळे सांगितले. तीन फुगे आधी येतात. एक मागून येतो. तोच घ्यायचा.

 बाईंनी टेबलावरचा एक कागद उचलला, त्याची घडी घातली आणि माझ्या वरच्या पट्टीवर ठेवली. आता प्रश्न दिसत नव्हता. फुगे आले. बाईंनी डोळे बारीक केले आणि मागून आलेला फुगा फोडला. “शाब्बास,” मी म्हणालो. दुसरा. “शाब्बास.” असे दहा प्रश्न झाले. न वाचलेल्या दहा प्रश्नांना दहा तारे, आणि दहा वेळा माझे ते शाब्बास. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ते मिटून घेतले असते. बॅटरी संपून मी तिथेच बंद पडावे असे मला वाटले, पण ती नेमकी भरलेली होती.

मग बाईंनी ते मुंगीएवढे बटण दाबले. दुसरे पान उघडले. त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचले. सव्वा सेकंद, सव्वा सेकंद, सव्वा सेकंद.

“हे इथे होतं,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “पहिल्या आठवड्यापासून होतं.”

“माझे तारे खोटे आहेत का?” टिटवीने विचारले.

बाईंनी चष्मा काढला. “तू जे पाहिलंस ते खरं आहे. मला ते चार महिन्यांत दिसलं नाही, तुला चार आठवड्यांत दिसलं. पण त्याला बेरीज म्हणत नाहीत. आणि यात तुझी काही चूक नाही. मी तारे मोजत बसले, तुला एकदाही विचारलं नाही.”

त्यांनी उठून भिंतीवरचा ताऱ्यांचा तक्ता काढला. सगळ्यांचाच काढला.

टिटवीने मात्र मला माफ केले नाही. ती बटणांच्या टेबलावर परत गेली, पण आठ दिवस तिने माझ्याकडे ढुंकून पाहिले नाही. एकदा लाडूने मला पुढे केले तर ती म्हणाली, “नको. तो उगाच शाब्बास म्हणतो.” यापेक्षा कडक शब्द मला आयुष्यात कोणी ऐकवलेले नाहीत, आणि ते अगदी खरे होते.

बटणांपाशीही गाडी अडली. चार महिने हातून सुटलेले काम एकदम हाती येईना. दहा बटणे झाली की पुढे काय करायचे हे तिला सुचत नसे. ती सगळी बटणे एकत्र करून पुन्हा एकपासून मोजू लागे आणि मध्येच चुके. वर्ष संपायला सहा आठवडे उरले होते. बाईंच्या कपाळावरची आठी रोज थोडी खोल जात होती.

एका संध्याकाळी बाबा पाळी संपवून तिला न्यायला आले. वर्गात बाई, टिटवी आणि बाकावर आम्ही. बाईंनी त्यांना बसायला सांगितले आणि सरळ म्हणाल्या, “मी तुम्हाला शब्द दिला होता. तो मी पाळला नाही. चूक माझी आहे.”

 बाबा म्हणाले, “बाई, मीही घरी तारेच विचारायचो. आज किती तारे, एवढंच. कसे मिळाले ते कुठे विचारलं?” त्यांनी टेबलावरच्या बटणांकडे पाहिले. “हिची गाडी नेमकी कुठे अडते?”

“दहाच्या पुढे.”

टेबलाखाली हस्तकलेच्या सामानात अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे होता. बाबांनी तो उचलला, विचारून कात्रीने कापला आणि दहाच खळगे ठेवले. पाच-पाचच्या दोन रांगा.

“ही बस,” ते म्हणाले. “दहा जागा. किती बसलेत?”

“सात,” टिटवी म्हणाली आणि तिने सात बटणे खळग्यांत ठेवली.

“स्टॉप आला. पाच जण चढले. आता सांग, किती जणांना जागा मिळेल?”

तिने रिकाम्या खळग्यांकडे पाहिले. “तिघांना.”

“बसव त्यांना. उभे किती राहिले?”

“दोन.”

“बस भरली की दहा. आणि उभे दोन. झाले किती?”

टिटवी बोटांकडे न पाहता बसकडे पाहत होती. “दहा आणि दोन,” ती सावकाश म्हणाली. “बारा.”

“दारं लावू का?”

“थांबा, एक आजी धावत येतेय.” तिने आणखी एक बटण उभ्यांच्या ओळीत ठेवले. “तेरा.”

बाई बाबांकडे पाहत राहिल्या. “तुम्ही म्हणत होता तुमचं गणित कच्चं.”

“गणित कच्चंच आहे,” बाबा म्हणाले. “पण गाडीत किती मावतात ते कळतं. आरशात रोज बघतो.”

दुसऱ्या दिवसापासून पुठ्ठ्याची बस वर्गात धावू लागली. मग एका दुपारी बाईंनी मला पुन्हा टिटवीपुढे ठेवले. या वेळी त्यांनी कागदाची घडी वर ठेवली नाही, खाली ठेवली. प्रश्न उघडा आणि फुगे झाकलेले. आधी प्रश्न वाचायचा, बटणे बसमध्ये बसवायची, उत्तर वहीत लिहायचे, आणि मगच कागद काढायचा. चारही फुगे तोवर येऊन ताटकळत असत. कोण आधी आला, कोण मागून आला, हे कोणालाच कळत नसे.

प्रश्न आला, आठ अधिक सात. टिटवीने माझ्याकडे संशयाने पाहिले. मग बस भरली, उभे मोजले, वहीत पंधरा लिहिले. कागद काढला आणि पंधराचा फुगा फोडला. मी शाब्बास म्हणालो. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “हो, माहितीये.”

माझ्या दुसऱ्या पानावर त्या दिवशी लिहिले गेले, दोन अधिक एक, वेळ सहा सेकंद. आठ अधिक सात, वेळ एकेचाळीस सेकंद. मी गोदामात लाखभर आकडे दाखवले असतील, पण त्या एकेचाळीसइतका खरा आकडा माझ्याकडून क्वचितच लिहिला गेला. तो इथे होता आणि त्याची खोकी समोर होती. गोदामवाला बोट लावून का मोजत असे ते मला त्या दुपारी समजले.

वर्ष संपेपर्यंत टिटवी अठरापर्यंत पोचली. विसापर्यंत नाही. बाईंनी तसे बाबांना स्पष्ट सांगितले. दुसरीच्या बाईंना एक चिठ्ठी लिहिली आणि चिठ्ठीबरोबर तो अंड्यांचा ट्रे दिला. हे यश म्हणून सांगावे की अपयश म्हणून, मला ठरवता येत नाही. पोर पुढे गेली, पण चार महिने तिचे गेले ते गेलेच. ते मी परत देऊ शकत नाही.

पुढे नवे टॅब आले. त्यांच्यावर चारही फुगे एकदम दिसतात. माझी बॅटरी फुगली, पाठ थोडी वर आली, आणि बाईंनी मला बंद करून या खणात ठेवले. दोन वर्षे झाली. लवकरच मला जुन्या यंत्रांबरोबर मोडीत नेणार आहेत. मला त्याचे दुःख नाही. माझ्यातले तांबे आणि काच कुठेतरी कामाला येतील.

पण मागच्या आठवड्यात कपाटाचे दार अर्धवट उघडे राहिले होते. त्या फटीतून मला बाक दिसत होता. पहिलीतली एक चिमुरडी नव्या टॅबवर भराभर फुगे फोडत होती. नवा टॅब तिला शाब्बास, शाब्बास म्हणत होता. तिसरीतली एक मुलगी खडू न्यायला वर्गात आली होती. तिच्या दोन वेण्या आता लांब झाल्या होत्या. ती जाता जाता थांबली, खाली वाकली आणि तिने आपला तळहात फुग्यांवर ठेवला.

“अगं ताई, हात काढ ना,” चिमुरडी कुरकुरली.

“आधी तू सांग, किती?”

“तो सांगतो ना मला.”

“तो सगळ्यांनाच सांगतो,” टिटवी म्हणाली. “तू सांग. कसं काढलंस ते पण सांग. मला काही घाई नाही.”

आणि ती खरेच हात न काढता तिथे बसून राहिली.

मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. माझ्यासारख्यांशी जरूर खेळा. आम्ही न कंटाळता हजार प्रश्न विचारतो आणि कधी रागावत नाही. पण आम्ही शाब्बास म्हणालो की लगेच उठून जाऊ नका. स्वतःला विचारा, हे मला कसे आले? आणि घरात, वर्गात एखादे लहान मूल तुम्हाला आपले तारे दाखवायला आले, तर तारे पाहा, हसा, आणि मग त्याच्याशेजारी बसून फुग्यांवर हात ठेवा. मला हात नव्हता. तुम्हाला आहे.